शिवमडक्याच्या आधी



नवतपा तोंडावर आलाय. शाळांना सुट्या लागल्या, लग्नांच्या तारखा निघाल्या, आणि घरोघरी एकच बेत ठरतोय. पहाटे गाडी काढायची, समृद्धी महामार्गाला लागायचं आणि जेवायला शिर्डी. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा महामार्ग आपल्या हाती आला. रस्ता छान आहे. मला बोलायचं आहे ते त्या रस्त्यावर आपण जी गाडी नेतो तिच्याबद्दल, आणि त्यातही तिच्या टायरबद्दल.

ही गाडी वर्षभर काय करते? धरमपेठेतून बर्डीला, बर्डीवरून मनीषनगरला, रविवारी फुटाळ्यावर. ताशी तीस-चाळीसचा वेग, चौकाचौकात सिग्नल. उरलेला वेळ ती अंगणात नाहीतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, म्हणून मालक खूश. "गाडी चाललीच कुठे जी? टायर नव्यासारखे आहेत!" आणि मग मे महिन्यात घरची पाच माणसं, डिकीत ठासून बॅगा, अशी ती शिवमडक्याला समृद्धीवर चढते आणि पाच मिनिटांत काटा १२०वर. शहरात दोन-चार किलोमीटरमागे विसावा घेणारी चाकं तासन्‌तास न थांबता त्या वेगानं फिरू लागतात.

टायर नुसता घासून म्हातारा होत नाही, बसूनही होतो. उन्हानं रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. आपलं ऊन कसलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. २०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. यंत्रातच बिघाड होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. ते छप्पन्न खोटे होते, कबूल. पण हवामान खात्याचा तापमापक सावलीत असतो आणि तुमची गाडी उन्हात, डांबरावर. चाकाखालची जमीन छप्पन्नालाही सहज मागे टाकते.

तेव्हा आधी टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर एक लांबट चौकट असते, तिच्यात शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आतल्या बाजूला असेल तर खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बघा, पण बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढा, असं टायर कंपन्या साधारणपणे सांगतात. कायम उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी स्वतः सहा वर्षांच्या पुढे मुदत देणार नाही. नक्षीची खोली कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी, हा कायदा आहे. मोजायला यंत्र लागत नाही. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आणि खड्ड्याच्या धारेवर आपटून भिंतीला फुगा आलेला असेल तर वय, नक्षी काही बघू नका. आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर गावातसुद्धा वापरू नये.

आता हवा. इथे आपल्याकडे एक भलता समज घर करून बसलाय, आणि तो चांगल्या अनुभवी माणसांकडूनही ऐकू येतो: उन्हाळा आहे, हवा गरम होऊन फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच भरा. ऐकायला पटतं. होतं नेमकं उलट. एखादी तार वाकवत राहिली की वाकते तिथे गरम होते. टायरची भिंतही प्रत्येक फेरीला अशीच वाकते आणि सरळ होते. हवा कमी तेवढी ती जास्त वाकते, आणि जास्त तापते. ताशी १२०ला ही कसरत चाकाला मिनिटाला हजारच्या आसपास वेळा करावी लागते. फुटलेल्या टायरमध्ये बऱ्याचदा हवा जास्त झालेली नसते, ती आधीपासून कमी असते.

किती भरायची, हे पंपावरच्या पोराला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर आकडा छापलेला आहे. बऱ्याच गाड्यांना दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. शिर्डीला निघताना दुसरा. टायर तापल्यावर हवा चार-पाच पॉइंटांनी वाढते, हे कंपनीनं तो आकडा ठरवताना धरलेलंच असतं. म्हणून हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्याच पंपावर. वाटेत थांबून गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नका. नायट्रोजन भरावा का, असं हमखास विचारलं जातं. भरा, नुकसान नाही. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि महिनोन्‌महिने न तपासलेल्या नायट्रोजनपेक्षा पंधरा दिवसांनी तपासलेली साधी, फुकटची हवा केव्हाही बरी.

"सिमेंटच्या रस्त्यानं टायर फुटतात" हेही कानावर येतं. अहो, नागपूर शहरातले किती रस्ते सिमेंटचे आहेत! तिथे टायर फुटत नाहीत. काळं डांबर तर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. फरक रस्त्याच्या रंगाचा नाही, वेगाचा आणि तो किती वेळ टिकतो त्याचा आहे. परिवहन विभागानं २०२३मध्ये महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोक चिडले. मला ते योग्य वाटलं.

बॅटरी आणि कूलंट गॅरेजमध्ये दाखवून घ्या, त्यात फार सांगण्यासारखं नाही. एवढंच, की रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, क्षार बसतात. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका. दरवर्षी कोणीतरी त्या वाफेनं भाजतंच.

पण सगळं खापर टायरवर फोडणंही बरोबर नाही. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. टायर फुटला, असं चालकानं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. आपल्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी या महामार्गावरच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यांनी बोट ठेवलं ते रस्त्याच्या संमोहनावर. सरळ, एकसुरी रस्ता, ना चौक, ना बाजार, ना आडवी येणारी गाय. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, आणि गेल्या दहा किलोमीटरमध्ये काय दिसलं ते आठवत नाही. ताशी १२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

गाणी लावणं, काच उघडणं, बडीशेप चघळणं, याचा उपयोग थोडाच वेळ. उतारा एकच, थांबणं. दर दोन तासांनी सुविधा असेल तिथे थांबून खाली उतरा, चाला. जांभया सुरू झाल्या तर वीस मिनिटं झोपा. रात्री दोन ते पाच आणि जेवणानंतरची दुपार, या दोन वेळांत चाक हाती नसलेलं उत्तम. त्यामुळे रात्रभर लग्नात जागून पहाटे निघण्याचा आपला आवडता बेत मला अजिबात पसंत नाही. आणि थांबायचं म्हणजे कडेच्या पट्टीवर नव्हे. सेल्फीसाठी तर नाहीच. मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या ट्रकवाल्याला तुमची गाडी उभी आहे की चालू आहे, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि समजा फुटलाच टायर. मोठा आवाज होईल, गाडी एका बाजूला ओढेल, पाय आपोआप ब्रेककडे जाईल. तो ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला, वेग आपसूक पडू द्या. गाडी ताब्यात आली की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावलेला असेल तर या सगळ्यात ते जागच्या जागी राहतील. मागच्या पट्ट्यांची सक्ती आहे, आणि २०२२मध्ये पालघरजवळ चारोटीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेही मागच्याच सीटवर होते, पट्ट्याविना. गाडी थांबली की धोक्याचे दिवे लावा, तांबडा त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत बसून कोणी वाट बघायची नाही, आजीनंही नाही.

मग स्टेपनी. निघण्याआधी तिची हवा बघितली असेलच. बऱ्याच नव्या गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८०ची मर्यादा लिहिलेली असते. ती बसवल्यावर उजवी मार्गिका सोडा, ८०च्या आत राहा, पुढच्या इंटरचेंजला उतरा आणि जवळच्या गावात मूळ टायरचं काय करायचं ते बघा. शिर्डीला जेवणाऐवजी संध्याकाळचा चहा होईल.