स्टेशन खाली, माणसं वर

आज जरा जमिनीखाली उतरूया.

मी नाशिकचा, काम सॉफ्टवेअरचं. चालू सिस्टिम बंद न करता तिच्यात मोठा बदल करायचा, हे आमच्याकडे सगळ्यात जोखमीचं काम. आता ती सिस्टिम म्हणजे गिरगाव-काळबादेवीसारखी जुनी, दाट वस्ती आहे आणि बदल म्हणजे तिच्या पोटात मेट्रोचं स्टेशन, असं समजा. इथे रोलबॅक नाही.

मुंबईची मेट्रो ३, आरे ते कफ परेड. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाला. गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशनं त्याच टप्प्यातली.

लोक म्हणतात, जमिनीखालीच तर आहे, वरच्यांना काय त्रास? बोगद्यापुरतं ते थोडंफार खरं. टीबीएम मशीन एका टोकाला आत शिरतं आणि खालून पुढे सरकतं. स्टेशनला मात्र रुंदी लागते. जिने, लिफ्ट, हवेचे मार्ग, बाहेर पडायची दारं लागतात.

नेहमीची पद्धत म्हणजे कट अँड कव्हर. वरून मोठा खड्डा खणायचा, आत स्टेशन बांधायचं, वर झाकण टाकायचं. पण त्यासाठी तेवढा रुंद रस्ता कुठून आणणार? म्हणून या दोन ठिकाणी एनएटीएम वापरली, म्हणजे न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड. शाफ्टमधून खाली उतरायचं, थोडंसं खोदायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, जमीन आणि वरच्या इमारती किती हलल्या ते मोजायचं, मगच पुढचा घास घ्यायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर छोटं रिलीज, मॉनिटरिंग, मग पुढचं रिलीज.

तरी शाफ्टला आणि दारांना वर जागा लागतेच. ती जागा म्हणजे कुणाचं तरी घर, कुणाचं तरी दुकान. त्यात बरेच जण पागडीचे भाडेकरू. पिढ्यान् पिढ्या राहिले, पण मालकी नावावर नाही. त्यांची मागणी साधी होती: आम्हाला लांब कुठेतरी टाकू नका, इथेच घर द्या. मेट्रो कॉर्पोरेशनने त्याच भागात पुनर्विकास करायचं मान्य केलं. माझ्या मते खरी इंजिनिअरिंग ही. दगड फोडायला मशीन मिळतं. शेजार, शाळा, गिऱ्हाईक पुन्हा बांधून देणारं मशीन अजून निघालेलं नाही.

आवाजाचं पण तेच. २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईत या मेट्रोचं रात्रीचं काम थांबवलं होतं, २०१८मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. एका बाजूला प्रकल्पाला उशीर, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी झोप. दोन्ही खर्चच, फक्त दुसरा अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता आपलं नाशिक. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. रबरी टायरच्या गाड्या, खांबांवरचा मार्ग. म्हणजे जमिनीखाली जायचा विषयच नव्हता. पण खांबालाही जागा लागते, जिन्यालाही लागते. आणि रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या गल्ल्या काही रुंद होणार नाहीत.

मेट्रो असो, उड्डाणपूल असो की रस्तारुंदी, आपल्या भागात नकाशा आला की तीन गोष्टी विचारा. काम सुरू व्हायच्या आधी आमच्या भिंतींच्या तड्यांची नोंद कोण करणार? भाडेकरूला कागदावर काय मिळणार? आणि घराच्या चावीची तारीख उद्घाटनाच्या तारखेसोबत, त्याच वेळापत्रकात आहे का?

हे विचारलं म्हणून कुणी विकासविरोधी ठरत नाही. आमच्या कामात याला टेस्टिंग म्हणतात, आणि ते लाँचच्या आधी करतात.

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.