घरची वडी आणि साखरेचा स्वभाव

वडी ही महाराष्ट्राच्या घराघरांत एवढी ओळखीची आहे कीं, तिच्यांत शिकण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु नारळ महाग, दूध महाग आणि खवा त्याहून महाग. आणि हें सारें कढईंत पडल्यावर वडी कधीं दगडासारखी कडक होते, तर कधीं ताटांत थापूनहि चिखलासारखी राहते. मग 'तिच्या हाताला गुण आहे, हिच्या हाताला नाहीं' असा निकाल लागतो. जिची वडी दोनदां बिघडली ती सून पुन्हां कढईकडे वळत नाहीं; दिवाळीस दुकानची पेटी येते आणि घरची एक विद्या मुकाट्यानें निघून जाते. वस्तुतः दोष हाताचा नसतो. साखरेचा स्वभाव ओळखलेला नसतो, इतकेंच.

अमेरिकेंत 'फज' नांवाची एक मिठाई आहे; ती आपल्या वडीची दूरची बहीणच म्हणावी. साखर, साय, लोणी आणि चॉकलेट एवढेंच तिचें साहित्य. १८८६ सालीं बाल्टिमोर शहरांत ती पौंडास ४० सेंट या भावानें विकली जात होती, असें व्हासार कॉलेजच्या विद्यार्थिनी एमेलिन हार्ट्रिज यांनीं एका पत्रांत नमूद केलें आहे. तिची कृति मिळवून त्यांनीं १८८८ सालीं कॉलेजांतील लिलावासाठीं ३० पौंड फज केला. पुढें तो मुलींच्या दुसऱ्या कॉलेजांतूनहि पसरला. म्हणजे ही मिठाई हलवायांपेक्षां हौशी विद्यार्थिनींच्या हातून वाढली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दोन्ही पदार्थांत घडतें तें एकच. पाक आटतो तसें त्यांतील पाणी कमी होतें व त्याचें उष्णतामान वाढतें. तो निवूं लागला कीं जास्तीची साखर पुन्हां कणरूपानें बाहेर पडूं पाहते. हे कण थोडे पण मोठे झाले तर वडी दाताखालीं करकरते. असंख्य पण बारीक झाले तर ती जिभेवर विरघळते. म्हणून फजचा पाक उतरवल्यावर कोमट होईपर्यंत त्याला हात लावीत नाहींत, आणि मग त्याची चकाकी जाईपर्यंत तो जोरानें घोटतात. नारळाच्या वडींत मिश्रण गरम असतांनाच हलवितात; कारण तेथें खोबऱ्याचा कीस आणि त्यांतील तेल साखरेच्या कणांच्या मध्यें येऊन त्यांना फार मोठें होऊं देत नाहीं. कढईच्या कडेला चिकटलेली कोरडी साखर मात्र दोहोंसहि घातक. ती पाकांत पडली कीं तिच्याभोंवतीं मोठे कण जमतात. ओल्या फडक्यानें कड पुसून घेतली म्हणजे झालें.

आतां पाक किती करावा? परदेशी पुस्तकांत फजसाठीं ११२ ते ११५ अंश सेंटिग्रेड असा आंकडा असतो. पण तो समुद्रसपाटीचा आहे. मुकुंदवाडी ज्या शहरांत येते तें छत्रपति संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच आहे. तेथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. तेथील पाकहि त्याच मानानें सुमारें दोन अंश आधींच तयार होतो. पुस्तकी आंकड्याची वाट पाहणाऱ्याची वडी तेथें कडक होणारच. आजीची कसोटी अशी फसत नाहीं. गार पाण्याच्या वाटींत पाकाचा थेंब टाकावा आणि बोटांनीं गोळा करावा. मऊ गोळी झाली कीं पाक गोळीबंद झाला. ही परीक्षा हवेची नसून खुद्द पाकाची आहे; म्हणून ती मुंबईस आणि मुकुंदवाडींत सारखीच खरी ठरते.

स्वाद घालतांनाहि प्रत्येकाची प्रकृति पाहावी लागते. वेलदोडा व केशर यांचा सुवास वाफेबरोबर उडतो. ते कढई उतरवल्यावर घालावे. कोको आधीं थोड्या दुधांत कालवून घ्यावा, नाहींतर गुठळ्या राहतात. कच्च्या आल्याच्या रसानें दूध फाटतें; म्हणून आलें प्रथम साखरेबरोबर शिजवावें आणि साय मागाहून घालावी. जालन्याची मोसंबी जवळची खरी, पण तिच्या आंबट रसानें दूध नासतें आणि साखरहि नीट जमत नाहीं. तिच्या सालीचा वरचा पातळ थर किसून शेवटीं घातला तर तेवढाच सुगंध पुरतो.

सर्वांत नाजूक तें सीताफळ. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मराठवाड्याचें तें खास फळ. पण तें टिकत नाहीं. घरांतलीं दोन्ही माणसें कामावर जाणारीं असलीं म्हणजे पाटीभर सीताफळें स्वस्त म्हणून घ्यावींत आणि तिसऱ्या दिवशीं निम्मीं फेकावींत, हा अनुभव मुकुंदवाडींतल्या घरांसहि नवा नसेल. त्याचा गर विस्तवावर आटविला तर कडवट होतो. बिया वाटल्या गेल्या तर त्या अपायकारकहि ठरतात. म्हणून बिया हातानें काढाव्या. दोन वाट्या खवा मंद आंचेवर परतावा, पाऊण वाटी साखर घालून गोळा कढईपासून सुटेपर्यंत आटवावा, आणि उतरवून कोमट झाल्यावर अर्धी वाटी घट्ट गर व दोन-तीन चमचे दुधाची भुकटी मिसळावी. ही वडी शीतकपाटांत ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

एवढें करूनहि साधी वडी बिघडलीच तर ती टाकूं नये. करकरीत झाली असेल तर थोडें दूध घालून, साखर पुरती विरघळूं देऊन पुन्हां गोळी पाहावी. सैल झाली असेल तर पुन्हां आंचेवर धरावी. नवशिक्या मुलीनें, आणि मुलानेंहि, प्रथम अर्ध्या मापानें करून पाहावी व साधलेलें माप घरच्या वहींत लिहून ठेवावें. दिवाळीपूर्वीं असे दोन प्रयोग झाले तरी पुरे आहेत.