वर्णद्वेषाचे अर्थकारण



वर्णद्वेष हा मनुष्यस्वभावातील आदिम दोष असून परक्याविषयीच्या भीतीतून तो आपोआप उपजतो, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. ही समजूत मोठी सोयीची आहे. दोष एकदा स्वभावाच्या खाती टाकला, की मालमत्ता, मजुरी आणि कायदा यांची झडती घेण्याचे कारण उरत नाही. परक्याविषयीचा संशय पुरातन आहे, हे खरे. प्राचीन रोममध्येही गुलाम होते. पण ते सर्व रंगांचे असत, आणि युद्धात हरलेला गोरा माणूसही बाजारात विकला जाई. कातडीच्या रंगावरून पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी ठरविणारी व्यवस्था मात्र अर्वाचीन आहे. ती कशी घडविली गेली, हे उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीचे कायदे क्रमाने वाचले असता स्पष्ट दिसते.

१६१९ च्या ऑगस्टमध्ये वीसेक आफ्रिकी माणसांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले. त्या काळी तेथील तंबाखूच्या मळ्यांवर राबणारे बहुसंख्य मजूर इंग्लंडातून आलेले गोरेच होते. जहाजाचे भाडे फेडण्यासाठी चार ते सात वर्षे मालकाकडे राबण्याच्या कराराने ते बांधलेले असत. प्रारंभीच्या आफ्रिकींपैकी काही जण पुढे मुक्त झाले, काहींनी जमिनीही घेतल्या. गोरे व काळे मजूर एकत्र राबत, एकत्र पळूनही जात. १६४० मध्ये असे पळालेले तीन मजूर पकडले गेले. त्यांतील दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढविण्यात आली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला आजन्म दास्याची शिक्षा झाली. अपराध एक, शिक्षा दोन.

१६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरू लागला. इंग्लंडची परंपरा याच्या नेमकी उलट, म्हणजे पित्यावरून दर्जा ठरविण्याची होती. पण ती पाळली असती तर मालकाने गुलाम स्त्रीवर लादलेली संतती स्वतंत्र ठरली असती. नव्या कायद्याने तीच संतती मालकाच्या मालमत्तेत जमा होऊ लागली. १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेतल्याने गुलामी सुटत नाही, असेही ठरले. धर्मापेक्षा भांडवलाची सुरक्षितता मोठी ठरली.

१६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन याच्या बंडात जेम्सटाऊन ही राजधानी जळून खाक झाली. या बंडाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मूलनिवासींच्या जमिनी बळकाविण्याची हाव त्याच्या मुळाशी होती. परंतु अखेरपर्यंत शस्त्रे खाली न ठेवणाऱ्या तुकडीत सुमारे ८० काळे आणि २० इंग्रज मजूर खांद्याला खांदा लावून उभे होते, ही गोष्ट मळेवाल्यांच्या नजरेतून सुटली नाही. पुढील घडामोडींना केवळ हीच भीती कारण झाली, असे म्हणणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. इंग्लंडातून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटत होता आणि गुलामांच्या व्यापारातील मक्तेदारी १६९८ मध्ये मोडल्यावर आफ्रिकी माणसांचा पुरवठा वाढला. भीती आणि हिशेब एकाच दिशेने वाहू लागले. १६९१ मध्ये गोऱ्यांनी इतर वर्णीयांशी विवाह करण्यास बंदी आली. १७०५ च्या संहितेनुसार मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक मिळू लागली, तर गुलामांनी पाळलेली गुरे, घोडी व डुकरे जप्त करून त्यांचे उत्पन्न गोऱ्या गरिबांसाठी वापरण्यात येऊ लागले. काळ्याची गाय हिरावून गोऱ्या गरिबाच्या पदरात टाकणारा हा कायदा वाचल्यावर वर्णद्वेष ही केवळ मनाची विकृती आहे, असे कोण म्हणेल?

यानंतर कापूस आला. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले, लँकेशायरच्या गिरण्यांची भूक वाढत गेली आणि १८६० पर्यंत अमेरिकेतील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात पोहोचली. त्या कापसाशी मुंबईचेही नाते आहे. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच पेढ्या कोसळल्या. गुलाम मुक्त झाल्याच्या वार्तेने मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच मुक्तीचे मोल महात्मा फुले यांनी ओळखले. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

व्यवस्था रुळल्यावर तिला शास्त्राचा आधार शोधण्यात आला. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल मॉर्टन कवट्यांत बिया आणि शिशाच्या गोळ्या भरून मेंदूंचे आकारमान मोजत बसला. पुढे जनुकशास्त्राने कोणत्याही दोन माणसांची जनुकीय घडण सुमारे ९९.९ टक्के सारखीच असल्याचे दाखवून दिले. पण मूळ कारण शास्त्रात नव्हतेच, त्यामुळे शास्त्राच्या निकालाने ते नाहीसे झाले नाही.

येथे समाजवाद्यांनी स्वतःचाही जमाखर्च तपासावा. वर्गलढा जिंकला की वर्णाचा प्रश्न आपोआप सुटेल, असे मानून अमेरिकेतील समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी काळ्यांसाठी वेगळा कार्यक्रम देण्याची गरज नाकारली. माणूस प्रामाणिक होता, वर्णद्वेष्टा तर मुळीच नव्हता. चूक मात्र भयंकर होती. दक्षिण आफ्रिकेत १९२२ मध्ये गोऱ्या खाणकामगारांनी संप केला, तो जगातील कामगारांच्या एकजुटीचे नाव घेऊन गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी! डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये याचे मर्म मांडले. गोऱ्या मजुराला मजुरी कमी मिळे, पण तिच्याबरोबर मान आणि सार्वजनिक जागी अग्रक्रम मिळे, आणि या वरकड मोबदल्यावर तो समाधानी राही. डॉ. राममनोहर लोहिया यांना हे कळले होते. १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात प्रवेशाचा आग्रह धरून त्यांनी अटक ओढवून घेतली.

त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दारावरच्या पाट्या उतरल्या. हिशेबाच्या वह्या तशाच राहिल्या. १९३० नंतरच्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखविल्या होत्या. तेथील घरांना कर्ज देणे धोक्याचे ठरले. सरकारी हमीच्या कर्जावर गोरी कुटुंबे उपनगरांत घरमालक झाली, काळी भाडेकरू राहिली. १९६८ च्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरला, तोवर एका पिढीची मालमत्ता उभी राहून गेली होती. शाळांचा खर्च बराचसा स्थानिक मालमत्ता-करातून चालत असल्याने घराची किंमत मुलाच्या शिक्षणापर्यंत पोहोचते. २०२२ च्या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर, तर काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर आढळली.

आधुनिक वर्णद्वेषाला द्वेष करणारा माणूसही लागत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णांची निकड ठरविणारी संगणकप्रणाली तपासण्यात आली. तिला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. रुग्णावर पूर्वी किती खर्च झाला, यावरून ती आजाराची तीव्रता ठरवी. काळ्या रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आलेला, म्हणून अधिक आजारी असूनही ते यंत्राला निरोगी वाटत.

आपल्या देशाचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. मात्र जात म्हणजे वंश, हा सिद्धांत त्यांनी कधीच मान्य केला नाही. २००१ मध्ये डरबनच्या जागतिक वर्णद्वेषविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, हेच वाक्य भारत सरकारने चर्चा टाळण्यासाठी पुढे केले. परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही.