भाग वाकला, दोष कोणाचा?

(मयूर विहार, दिल्ली येथील मराठी कामगारांच्या सभेतील भाषण)



डब्यातील फायबरचे भाग साच्यावर काचतंतू व राळ यांचे थर हाताने चढवूनही करतात. मग भट्टीत तापवले की राळ पक्की होते. पण भाग वाकला की चार्जशीट कामगारालाच! असे एक प्रकरण मी लढवले. चौकशीत निघाले काय? भाग त्याच दिवशी साच्यातून काढून भट्टीत घालण्याचा हुकूम वरूनच आला होता.

अर्धकच्ची राळ तापली की मऊ पडते. आधार नसेल तर भाग स्वतःच्या वजनाने झुकतो. म्हणून पॉलिएस्टर राळेचा भाग साच्यातच ठेवा, एक दिवस साध्या हवेत मुरू द्या. उष्णता हळूहळू ८० अंशांच्या आसपास न्या, काही तास ठेवा, थंडही साच्यातच होऊ द्या. मध्यापासून दोन्ही बाजूंचे थर सारखे हवेत. नाहीतर आकसताना एक बाजू ओढते. स्टायरीनच्या वाफेसाठी खेळती हवा व मास्क मागा.

साचा आणि वेळ देणे प्रशासनाचे काम आहे. तापमान व वेळ रोज वहीत लिहा. चौकशीत तीच वही आपला साक्षीदार.

कामगार एकजुटीचा विजय असो!