स्वतःहून घातलेली वर्दी



मघाशी दोन पायलट कॅडेट मुलींनी मला फाटकापासून इथवर आणलं. त्यांची एका ठेक्यात पडणारी पावलं ऐकतानाच ठरवलं, आज एनसीसीवर बोलायचं. मी महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि एएनओ, म्हणजे सहयोगी एनसीसी अधिकारी म्हणून कॅडेटही घडवले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

आपल्या विद्यापीठांत वर्दी आली ती स्वातंत्र्याच्या आधी. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रजांच्या गरजेतून युनिव्हर्सिटी कोअर निघाली. पुढे पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८मध्ये आपला एनसीसी कायदा झाला आणि १९४९मध्ये मुलींचीही तुकडी उभी राहिली. १९६२च्या युद्धानंतर, १९६३मध्ये, कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. तेव्हा देशाला बसलेला घाव ताजा होता, म्हणून तो निर्णय मी समजू शकते. पण १९६८मध्ये सक्ती उठली, ते फार चांगलं झालं. हजेरीच्या धाकाने आलेला मुलगा सावधानमध्ये उभा राहील. पण परेडमध्ये शेजारच्याला चक्कर आली, तर आधी हुकमाची वाट पाहील. स्वतःहून आलेला त्याला सावरतो. कॅम्पमध्ये हे लख्ख दिसतं. घरी स्वतःचं ताटही न उचलणारा मुलगा तिथे शंभर जणांना वाढतो, मध्यरात्री पहाऱ्याला उठतो आणि दुसऱ्या भाषेतल्या सोबत्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत मैत्री करतो.

पालकांनो, एनसीसीत गेलं की सैन्यात जावंच लागतं, ही भीती मनातून काढा. कायद्यानेच कॅडेटवर तसं बंधन नाही. ज्यांना जायचंय, त्यांना मात्र वाट आहे: 'सी' सर्टिफिकेटची ग्रेड आणि पदवीचे गुण पुरेसे असले, तर सैन्याच्या विशेष प्रवेशातून अधिकारी भरतीची सीडीएस ही लेखी परीक्षा न देता एसएसबी या निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत पोचता येतं. पण केवळ सर्टिफिकेटसाठी येणारे हल्ली वाढलेत, याचं मला वाईट वाटतं.

प्राचार्य महोदय, एक विनंती. कॅम्पला गेलेल्यांची प्रॅक्टिकल बुडतात. ती पुन्हा घेण्याची सोय वेळापत्रकातच करून ठेवा. आणि बारावीच्या मुलामुलींनो, एफवायला आलात की एनसीसी भरतीची नोटीस लागेल. भरतीत धावायला लावतात. सराव उद्या सकाळपासूनच सुरू करा.