पँगाँगच्या काठची गावे

लडाखमधील पँगाँग सरोवराच्या उत्तर तीरावर डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात उतरतात. सैनिकी परिभाषेत त्यांना ‘फिंगर’ म्हणतात. २०२० च्या संघर्षात हे नाव घरोघरी पोहोचले. दक्षिण तीरावरील स्पांगमिक, मान, मेराक ही गावे मात्र अपरिचितच राहिली.

याच उत्तर तीरावरील सिरिजाप ठाण्यावर २० ऑक्टोबर १९६२ रोजी मेजर धनसिंह थापा यांनी मूठभर गुरखा जवानांसह चिनी आक्रमणाशी झुंज दिली. त्यांना परमवीरचक्राने गौरविण्यात आले. २०२० च्या ऑगस्टअखेर भारतीय सैन्याने दक्षिणेकडील शिखरे ताब्यात घेतली, तेव्हा चुशूलच्या ग्रामस्थांनी जवानांसाठी पाणी आणि शिधा पाठीवरून वर नेला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्ये सरोवराकाठून मागे सरली. तणाव निवळला, परंतु निर्बंधांमुळे हिवाळी कुरणे आक्रसल्याची व्यथा चुशूल परिसरातील पशुपालक मांडत आले आहेत. कुरण गेले की कळप जातो, आणि कळपामागोमाग गावही उठते. मग त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा आपला वावर होता, याची साक्ष कोण देणार? म्हणूनच सीमेचा विचार करताना जवानाबरोबर या मेंढपाळाचेही स्मरण ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.