गोधडीची चुणी

घाटकोपर-मुलुंडच्या 10 बाय 12 च्या खोलीत गोधडी घालायला बसलं, की पहिली अडचण येते ती जागेची. अर्धं कापड खाटेखाली, अर्धं उंबऱ्यावर! वरून सारं सरळ दिसतं. उलटून पाहावं, तर खाली ही मोठी चुणी. उसवायला जावं, तर आईचं जुनं लुगडं सुईसरशी विरतं. तेव्हा काळजी घ्यायची ती अंथरतानाच.

नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. चौपदरी केलं की पावणेसात फुटांची गोधडी होते. काठ मात्र आधी काढून ठेवावेत. त्यांची वीण घट्ट, अंगाची सैल. एकत्र शिवले की कापड ओढतं. तेच काठ शेवटी कडेला लावा. नवं कापड घालायचं असेल तर आधी भिजवून वाळवा.

अंथरण्यापुरती खाट भिंतीशी उभी करा, नाहीतर गच्ची गाठा. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारखा करा, ओढू नका. कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवा. मग वीतवीत अंतरावर कच्चे टाके घाला.

आता दोन्ही बाजू दोन काठ्यांवर गुंडाळून मध्ये हातभर उघडं ठेवा आणि खुशाल खोलीत बसा. परदेशात लांब चौकटीवर रूळ लावून यंत्राने रजया शिवतात, तिथेही पथ्य हेच : कापड सपाट असावं, ताणलेलं नसावं. चार ओळी झाल्या की खालून हात फिरवा. चुणी डोळ्यांआधी बोटांना कळते.